डीजे, ढोल आणि वरात: कुणाच्या नजरेत न येता कान कसे जपायचे

एमआयडीसीतल्या प्रेस शॉपला काम करणारा माणूस कानात प्लग घातल्याशिवाय मशीनपाशी जात नाही. सुपरवायझर जाऊच देत नाही. तोच माणूस त्याच आठवड्यात चुलतभावाच्या वरातीत स्पीकरच्या भिंतीपुढे दोन तास मोकळ्या कानांनी नाचतो. कारखान्यात प्लग घातला तर तो नियम. लग्नात घातला तर नखरे, "आत्तापासूनच म्हातारा झालास का रे?", आणि वर यजमानांना वाटणार की एवढे पैसे मोजून आणलेला डीजे पाहुण्यांना पसंत पडला नाही.

कान जपायचेत, पण चारचौघांत त्याचा विषय व्हायला नको, अशी ज्यांची अडचण आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. डॉल्बी असो, बेंजो असो, नागपूरकडचं धुमाल असो, आगरी-कोळी हळद असो, पुण्याचं ढोल-ताशा पथक असो, की कोरेगाव पार्कातला पब, रीत सगळीकडे साधारण सारखीच आहे. प्लग लहान असला की लपतो, असं बहुतेकांना वाटतं. तो लपतो तुम्ही त्याला हात लावत नाही तेव्हा. लोकांचं लक्ष प्लगकडे जात नाही, कानाशी चाललेल्या बोटांकडे जातं. म्हणून घरून घालून निघायचं आणि परत येईपर्यंत त्याला बोट लावायचं नाही. पुढचं सगळं त्याच्याच तयारीचं आहे.

आकडे, गरजेपुरते

अमेरिकेतली नायॉश ही कामगार-आरोग्याची संस्था ८५ डेसिबलच्या आवाजात ८ तास ही मर्यादा मानते. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला पाव तास, १०३ ला साडेसात मिनिटं. मर्यादा ओलांडली की त्याच क्षणी बहिरेपण येतं असं नाही. पण आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या ज्या बारीक केसपेशी असतात, त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. हिशेब एवढ्यासाठी ठेवायचा.

आपल्याकडचा आवाज कुठे बसतो? पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकीच्या संस्थेचे विद्यार्थी कित्येक वर्षं विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत आवाज मोजतात. त्यांच्या नोंदींची सरासरी शंभरच्या पुढे गेल्याची वर्षं आहेत. मुंबईत आवाज फाउंडेशनच्या सुमैरा अब्दुलअली असंच मोजत आल्या आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. नियमाचं काय होतं ते आपण सगळे दरवर्षी बघतोच. त्यावर भांडायचं तर जरूर भांडावं, पण आजच्या रात्रीपुरती सोय आपली आपणच करायला हवी.

मोबाइलवरच्या मीटरवर फार विसंबू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठ्या आवाजात तो चुकतो. त्यापेक्षा सोपी खूण अशी: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय, म्हणजे आवाज ८५ च्या वर आहे. कानाशी तोंड नेल्याशिवाय ऐकूच जात नाही, म्हणजे तो त्याच्याही बराच वर गेलाय.

कोणता प्लग घ्यायचा

नवखा माणूस पाकिटावरचा सगळ्यात मोठा आकडा बघून प्लग घेतो, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. हा आकडा म्हणजे प्लग किती डेसिबल आवाज अडवतो ते. फोमच्या प्लगवर तो ३०च्या आसपास असतो. तो घातला की गाणं विहिरीतून आल्यासारखं येतं, शेजारच्याचं बोलणं बुडतं. मग माणूस काय करतो? कुणी बोलायला आलं की एक प्लग काढतो, हातात धरतो, पुन्हा घालतो. सगळ्यांना दिसायचं ते दिसतं. शिवाय संरक्षणही बहुतेक वाहून जातं, ते कसं बघा.

चार तासांची मिरवणूक धरा. ३० डेसिबल अडवणारा प्लग तुम्ही इकडेतिकडे करून एकूण २४ मिनिटं काढलात, म्हणजे वेळेचा दहावा भाग. तेवढ्याने पूर्ण रात्रीचं संरक्षण ३० वरून सुमारे १० डेसिबलवर येतं. अर्धा वेळ काढलात तर जेमतेम ३. कारण उघड्या कानाच्या त्या काही मिनिटांत आत गेलेली ऊर्जा बाकीच्या झाकलेल्या वेळेच्या कितीतरी पट असते. याउलट, १५ डेसिबलच अडवणारा, पण चार तास हलवलाच नाही असा प्लग तुम्हाला पूर्ण १५ देतो. लग्नाकार्यात जास्त अडवणाऱ्या प्लगपेक्षा काढावासा न वाटणारा प्लग घ्यावा तो यासाठी.

तसा प्लग म्हणजे फिल्टरवाला सिलिकॉनचा. "म्युझिक इअरप्लग" किंवा "कॉन्सर्ट इअरप्लग" म्हणून शोधलात की ऑनलाइन मिळतो, काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. त्याच्या मधोमध बारीक फिल्टर असतो. फोम वरच्या पट्टीचे आवाज जास्त गिळतो, म्हणून शब्दांच्या कडा जातात आणि नुसता गडगडाट उरतो. फिल्टर सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच उतरवतो. गाणं गाणंच राहतं, फक्त कुणीतरी आवाज कमी केल्यासारखं वाटतं. १५ ते २०च्या आसपासचा आकडा असलेला घ्या.

आकडे दोन तऱ्हांचे असतात. अमेरिकन पाकिटावर एनआरआर, युरोपियन पाकिटावर एसएनआर. एकाच प्लगचा एसएनआर सहसा थोडा मोठा दिसतो, त्यामुळे एकाचा एनआरआर आणि दुसऱ्याचा एसएनआर शेजारी ठेवून तुलना करू नका. दोन्ही आकडे प्रयोगशाळेतले, नीट बसवलेल्या प्लगचे. एनआरआरसाठी कारखान्यांत एक ढोबळ हिशेब वापरतात: आकड्यातून ७ वजा करा आणि निम्मं करा. २९चा फोम मग ११ वर येतो. हा हिशेब जरा कंजूष आहे, पण तो का आला हे कळलं पाहिजे. बहुतेक लोक फोम अर्धाच घालतात. अर्धा घातलेला प्लग म्हणजे कोपराला अडकवलेलं हेल्मेट.

रंगाचं पथ्य पाळा. कारखान्यातले प्लग मुद्दाम भगवे, पोपटी, पिवळे असतात, कारण सुपरवायझरला लांबून दिसले पाहिजेत. तुम्हाला नेमकं उलटं हवंय: पारदर्शक, तपकिरी किंवा काळा. गव्हाळ, सावळ्या रंगावर पारदर्शक आणि गडद तपकिरी सगळ्यात कमी उठून दिसतात. परदेशी कंपन्यांचा "स्किन कलर" म्हणजे गुलाबीसर बेज, तो आपल्या कानात चिकटपट्टीसारखा चमकतो. दोरीवाला घेऊ नका. कडीसारख्या आकाराचे काही प्लग हल्ली निघालेत, दागिन्यासारखे दिसतात. पबमध्ये किंवा कॉलेजच्या फेस्टमध्ये ते छान खपून जातात, पण नऊवारीवर आणि फेट्याखाली तो आणखी एक प्रश्नच होतो.

फोम मात्र अगदी टाकून देऊ नका. स्पीकरच्या भिंतीला खेटूनच उभं राहावं लागणार असेल, म्हणजे नवरदेवाचा सख्खा भाऊ असाल, तर फोमच हवा. सेफ्टी शूज-हेल्मेटच्या दुकानात किंवा मेडिकलमध्ये स्वस्तात जोडी मिळते. एखादी जोडी खिशात असू द्या, कुणीतरी हळूच मागतंच.

आणि कापूस. पथकांत, बँडवाल्यांत, आजीच्या बटव्यात, सगळीकडे कापसाचे बोळे. कापूस फार तर पाच-सात डेसिबल अडवतो, तेही वरच्या पट्टीचे. ढोलाच्या आणि बासच्या खालच्या पट्टीला तो जवळपास वाट मोकळीच देतो. टिश्यू पेपरची गतही तीच. कानात बोळा आहे म्हणून निर्धास्त होऊन माणूस आणखी पुढे जाऊन उभा राहतो, हे त्यातलं जास्त वाईट. वायरलेस इअरबडही यासाठी नकोत. ते लांबून दिसतात, आणि कार्यात मोबाइल ऐकत बसलाय असा समज होतो तो निराळाच.

घरी सराव: आरशासमोर दोन संध्याकाळी

पहिल्यांदाच प्लग घालणार तेही लग्नाच्या हॉलच्या पार्किंगमध्ये, असं करू नका. कानाची नळी सरळ नसते, तिला वळण असतं. ते सरळ करायला विरुद्ध हात लागतो. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून न्या, कानाचा वरचा भाग धरून वर आणि थोडा मागे ओढा, आणि उजव्या हाताने प्लग आत सरकवा. सिलिकॉनचा असेल तर किंचित ओला करून, हलका फिरवत. फोमचा असेल तर आधी बोटांमध्ये वळून वळून वातीसारखा बारीक करा, सुरकुती पडू देऊ नका, चटकन आत घाला आणि बोटाने वीस-तीस सेकंद तसाच धरून ठेवा. फुगताना तो बाहेर ढकलला जातो. घाईत ही तीस सेकंदं गाळली जातात, आणि मग लोक म्हणतात, "मला प्लगचा काही उपयोग होत नाही."

आता तपासायचं. काहीतरी चालू ठेवा, मिक्सर चालेल. दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा आणि सोडा. हात लावल्यावर आवाज खूप कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही. फारसा फरक पडला नाही, तर बसलाय. दुसरी खूण तुमच्याच आवाजाची. "ओम" म्हणा. दोन्हीकडे सारखाच घुमला पाहिजे. एकीकडेच घुमत असेल तर दुसरा सैल आहे.

मग आरशात समोरून बघा. नीट बसलेला प्लग समोरून जवळपास दिसत नाही. कानापुढची जी छोटी पाळी असते तिच्या आड तो जातो. समोरून टोक दिसत असेल तर तो पुरेसा आत गेलेलाच नाही. म्हणजे नीट बसवणं आणि दिसू न देणं ही दोन कामं नाहीत, एकच आहे. बाजूने सिलिकॉनच्या दांडीचं टोक थोडं दिसेल. ते कापू नका, काढताना पकडायला तेच लागतं. फार बाहेर येत असेल तर लहान मापाचा प्लग बघा. बऱ्याच पाकिटांत दोन-तीन मापं येतात, आणि पुष्कळ जणांचे दोन कान दोन मापांचे असतात.

पहिल्यांदा स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, चावताना कडकड ऐकू येते. हे सगळ्यांना होतं. प्लग किंचित आणखी आत गेला की कमी होतं. भांडी घासताना, गाडी धुताना तासभर घालून ठेवा म्हणजे लग्नाच्या दिवशी हात आपोआप कानाकडे जाणार नाही. गाडी चालवताना मात्र नको.

काढायची पण रीत आहे. हळूहळू फिरवत हवा आत येऊ द्यायची, मग बाहेर. झटक्यात ओढला तर कानाच्या पडद्यावर ताण येतो.

निघण्याआधी

फेटा बांधायच्या आधी प्लग. एकदा फेटा चढला की कान वर ओढता येत नाही, आणि फेटा सरकवून कानात बोट घालणारा करवला सगळ्या व्हिडिओंत येतो. फेटेवाल्याला सांगा की कानाचा वरचा भाग झाकेल असा बांध. तो हसत नाही, त्याचेही कान दिवसभर त्याच आवाजात असतात. भिकबाळी प्लगनंतर घाला. दाबाची असेल तर नंतर कान ओढताना ती निसटते, टोचलेली असेल तर दुखतं.

बायकांना यात थोडी जास्त सोय आहे आणि थोडी जास्त अडचणही. मोकळे केस किंवा कानावरून घेतलेली बट असेल तर काही दिसतच नाही. अंबाडा आणि गजरा असेल तर कान पूर्ण उघडे, पण मग झुबे, कुड्या, कानवेल यांच्याकडेच नजर जाते, कानाच्या भोकाकडे कुणी बघत नाही. जड झुबे घातल्यावर कान ओढणं नकोसं होतं, म्हणून इथेही आधी प्लग, मग दागिने.

गुलाल असेल तर हा क्रम चुकवून चालणारच नाही. गुलालाच्या, भंडाऱ्याच्या हाताने फोम वळला की ती सगळी पूड कानात जाते, आणि दुसऱ्या दिवशी खाज, चिकटपणा, नको ते सगळं. मिरवणुकीत पाऊस आणि घाम धरून चालायचा. फोम भिजला की टाकून द्यायचा, सिलिकॉन पुसून परत घालता येतो. सोबत एक छोटी झाकणाची डबी असू द्या. खिशात सुटे ठेवलेले प्लग चिल्लर आणि बडीशेप यांच्यासकट कानात जातात.

तिथे पोचल्यावर

अंतर फुकट मिळतं, ते आधी घ्या. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. पेठांतल्या अरुंद रस्त्यांवर दोन्हीकडच्या भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे एवढा फायदा मिळत नाही. तिथे बोळाच्या तोंडाशी उभं राहिलेलं बरं, मागे सटकायला वाट राहते. दोन मंडळं समोरासमोर येतात त्या चौकात थांबू नका. वरातीत डीजेची गाडी पुढे, नवरदेव मागे आणि त्याच्याही मागे आत्या-मामा-काका असतात. त्या घोळक्यात चाललात तर मान मिळतो आणि कानही वाचतात. नाचायला पुढे जा, दोन गाणी नाचा, मागे या. अर्ध्या तासाने परत जा. कुणी हजेरी मांडून ठेवत नाही, नाचलेलं तेवढं लक्षात राहतं.

छातीत धडधडणारा बास प्लगने थांबणार नाही. तो कानावाटे नाही, अंगावाटे येतो. तो सोसवत नसेल तर लांब जाणं हा एकच उपाय.

बोलायचं कसं? प्लग घातलेला माणूस गोंगाटात नकळत हळू बोलतो, कारण स्वतःचा आवाज त्याला डोक्यात मोठा वाटत असतो. समोरचा "काय? काय?" करतो आणि तिथे शंका येते. म्हणून वाटतं त्यापेक्षा थोडं मोठ्याने बोला. ऐकताना समोरच्याच्या ओठांकडे बघा. अगदी मोठ्या आवाजात फिल्टरवाला प्लग घातल्यावर बोलणं उलट जास्त स्पष्ट कळतं, असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे, आणि त्याला कारण आहे: आवाजाच्या माऱ्याने गुदमरलेला कान थोडा मोकळा होतो. मोठं बोलणं करायचं असेल, म्हणजे मुलीच्या नोकरीची चौकशी वगैरे, तर हाताला धरून जेवणाच्या बाजूला न्या. "चला, तिकडे नीट बोलू" याला कुणी नाही म्हणत नाही, आणि प्लग काढायची वेळ येत नाही.

तरीही कुणीतरी बघतंच. सहसा आत्या.

"काय रे, कानात काय घातलंयस?"

"डॉक्टरांनी सांगितलंय आत्या, कान जरा सांभाळ म्हणून."

"ऐकू येतंय ना पण?"

"सगळं येतंय. तू मघाशी काकूंच्या साडीबद्दल काय म्हणालीस तेही आलं."

विषय तिथेच संपतो. डॉक्टरांचं नाव घेतलं की आपल्याकडे कुणी वाद घालत नाही. यजमानांनी विचारलं तर आवाजाबद्दल चकार शब्द काढू नका. "जरा कान दुखतोय, पण नाचायचं तर होतंच" एवढं पुरे, त्यात त्यांचा मान राहतो. मित्रांत खरं सांगून टाका. पहिली पाच मिनिटं टिंगल होईल, आणि साडेअकराला त्यांतलाच एकजण बाजूला घेऊन विचारेल, "दुसरी जोडी आहे का रे?" ती खिशातली फोमची जोडी इथे कामी येते. स्वित्झर्लंडमध्ये ९३ डेसिबलच्या वरच्या कार्यक्रमात आयोजकाने प्रेक्षकांना फुकट प्लग द्यायचे असा कायदाच आहे, त्यामुळे तिथे हा सगळा लपंडाव लागत नाही. आपल्याकडे अजून तरी आपलीच डबी.

पथकात वाजवणार असाल तर

इथे पाहुण्यासारखं मागे सरकता येत नाही, आणि धोका एका रात्रीचा नसतो. नदीपात्रात गणपतीच्या आधीचे काही आठवडे रोज संध्याकाळी सराव, मग स्थिरवादनं (एका जागी उभं राहून वाजवणं), मग दहा दिवस. ताशाचा आवाज कडक आणि वरच्या पट्टीचा, तो कानाला ढोलापेक्षा जास्त झोंबतो. ताशाच्या रांगेत असाल किंवा ताशाच्या पुढ्यात ढोल बांधून उभे असाल, तर प्लग पहिल्या सरावापासून घाला. ठरलेल्या दिवसापासून नको, कारण प्लगमधून ठेका वेगळा ऐकू येतो आणि हाताला त्याची सवय व्हायला वेळ लागतो. ताशाची तर्री फिल्टरमधून स्पष्ट येते. फोममधून ती दबते आणि हात जड पडतो, म्हणून वादकांनी शक्यतो फोम टाळावा. टोलचा ठोका दोन्हींतून येतो. हात बदलायचा इशारा ऐकण्यावर न ठेवता ताशावाल्याच्या किंवा ध्वजवाल्याच्या हाताकडे बघून घ्यायची सवय लावा, मिरवणुकीत तसंही नीट काही ऐकू येत नसतं.

पथकात लपवाछपवी न करता एकत्र ऑर्डर केलेली बरी. वीस-पंचवीस जोड्या एकदम घेतल्या तर स्वस्त पडतात, आणि सगळ्यांच्या कानात असलं की कुणाच्या कानात आहे हा प्रश्नच संपतो. ज्यांना दरवर्षी वाजवायचंच आहे, किंवा जे डीजे, बँड, साउंडच्या धंद्यात आहेत, त्यांनी ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, कानाचा साचा देऊन मापाचे प्लग करून घ्यावेत. कानात मऊ पेस्ट भरून ठसा घेतात, दुखत नाही. त्यांत ९, १५ किंवा २५ डेसिबलचा फिल्टर बदलून घालता येतो. खर्च बऱ्यापैकी आहे, पण एका चांगल्या ताशाची किंमत काढून बघा, मग ठरवा.

कुणी वापरू नयेत

कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला विचारल्याशिवाय कानात काही घालू नका. मळ साचलेला असेल तर प्लग तो आणखी आत ढकलतो, आधी काढून घ्या. लहान मुलांना प्लग नकोत. नळी लहान, आणि तोंडात घालून गिळायची भीती. त्यांच्यासाठी डोक्यावरून घालायचे इअरमफ मिळतात, तिथे लपवायची गरजही नाही, मुलांचं सगळ्यांना कौतुकच असतं. तान्ह्या बाळाला स्पीकरपाशी नेऊच नये. श्रवणयंत्र बंद करून कानात ठेवलं म्हणजे प्लगचं काम झालं, असंही समजू नका.

घरी आल्यावर

प्लग हळू फिरवत काढा. सिलिकॉनचे कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुवा, पुसून सुकवूनच डबीत ठेवा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, सिलिकॉन खराब होऊ शकतो. फिल्टर निघत असेल तर धुण्याआधी काढा, त्यात पाणी अडकलं की पुढच्या वेळी एक कान बंद असल्यासारखं वाटेल. फोम एक-दोनदा वापरून फेका.

काढल्यावर कान भरल्यासारखे वाटत असतील, किंवा शांत खोलीत किर्रर्र असा आवाज येत असेल, तर प्लग कमी पडला किंवा सैल बसला. पुढच्या वेळी मागे उभे राहा, मध्ये जास्त वेळ बाहेर पडा, प्लग पुन्हा तपासा. हा आवाज बहुतेकदा काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत जातो. तेवढ्या वेळात दुसऱ्या हळदीला जाऊ नका, लग्नसराईत ते अवघड असतं हे मान्य. दोन दिवसांनीही राहिला तर डॉक्टर. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मात्र वाट बघायची नाही, "मळ असेल" म्हणून तेलही घालायचं नाही. त्याच दिवशी, नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी तज्ज्ञाकडे जायचं, कारण त्यावरचे स्टिरॉइडचे उपचार लवकर सुरू झाले तरच जास्त उपयोगी पडतात.

दरवर्षी पथकात वाजवणाऱ्यांनी जूनमध्ये, सराव सुरू व्हायच्या आधी एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्यावी आणि कागद जपून ठेवावा. आवाजाने झालेलं नुकसान त्या आलेखात बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खाचेसारखं दिसतं. रोजच्या बोलण्यात ते कळायच्या कितीतरी आधी दिसतं. पुढच्या जूनचा कागद त्याच्या शेजारी ठेवून बघता येतो.